जाड बाईचं सोंग



आठ मार्च जवळ आला किंवा गटाचा वार्षिक मेळावा ठरला, की नाटुकलं बसवायची टूम निघतेच. सासू कोण, सून कोण, सरपंच कोण, सगळं भराभर ठरतं. मग कुणीतरी म्हणतं, "आणि मध्येच धपकन पडणारी ती जाडी बाई कोण होणार?" कुणी नाव घेत नाही. नुसत्या नजरा एका बाजूला वळतात. जिच्याकडे वळतात ती हसते, पदर खोचते आणि म्हणते, "बरं बाई, मीच होते." मेळाव्यात सगळ्यात जास्त टाळ्या तिलाच पडतात. पण त्या नजरा वळल्या तेव्हा तिच्या मनात काय आलं, हे आपण तिला कधी विचारत नाही.

आज आम्ही अशाच एका बाईची गोष्ट सांगणार आहोत. ती आपल्या गावची नाही, आपल्या देशाचीही नाही. तिचं नाव मेरी ड्रेस्लर. अमेरिकेच्या सिनेमात ती विनोदी कामं करायची. तिला जाऊन आता नव्वद वर्षं होऊन गेली. मग आज तिची आठवण कशाला? तर लोकांनी आपल्याला हसणं वेगळं आणि आपण लोकांना हसवणं वेगळं. हे अंतर एका बाईनं कसं पार केलं, ते मेरीच्या आयुष्यात अगदी स्वच्छ दिसतं, म्हणून.

खांद्यावर झोपलेला मुलगा

गोष्ट थोडी शेवटाकडून सुरू करू. १० नोव्हेंबर १९३१ची रात्र. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात बिल्टमोर नावाच्या मोठ्या हॉटेलात ऑस्कर पुरस्कारांचा समारंभ चालला होता. ऑस्कर म्हणजे तिथल्या सिनेमावाल्यांचा सगळ्यात मोठा मान. भाषणं लांबली होती. जॅकी कूपर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाचं नावही त्या वर्षी उत्तम अभिनेत्यांच्या यादीत होतं. पण मूलच ते. बसल्या बसल्या त्याला झोप लागली आणि शेजारच्या वयस्क बाईच्या खांद्यावर त्यानं मान टाकली. बाईही हलली नाही.

मग उत्तम अभिनेत्रीचं नाव पुकारलं गेलं. ते त्याच बाईचं होतं. झोपलेल्या पोराला अलगद उचलून त्याच्या आईच्या मांडीवर दिलं, तेव्हा कुठे मेरी ड्रेस्लरला उठून पुढे जाता आलं. आदल्याच दिवशी तिला त्रेसष्ट वर्षं पूर्ण झाली होती. त्या वर्षीच्या यादीत मार्लेन डीट्रिच, नॉर्मा शिअरर अशा देखण्या, तरुण नायिका होत्या. त्यांच्यात ही अंगानं आडवी, रुंद चेहऱ्याची, डोळ्यांखाली पिशव्या आलेली म्हातारी. आणि या समारंभाच्या चार-पाच वर्षं आधी तिच्या हातात काहीसुद्धा काम नव्हतं.

हे कसं घडलं, ते आता पहिल्यापासून पाहू.

आठवड्याचे सहा डॉलर

मेरीचा जन्म ९ नोव्हेंबर १८६८ला कॅनडात झाला. ओंटारियो सरोवराच्या काठी कोबर्ग नावाचं गाव आहे, तिथे. तिचं खरं नाव लैला मेरी कर्बर. वडील संगीत शिकवायचे. घरात पैसा कमी आणि बिऱ्हाड सारखं एका गावाहून दुसऱ्या गावाला. पुढे हे कुटुंब अमेरिकेत आलं. मेरी लहानपणापासूनच अंगानं थोराड. चारचौघींत उठून दिसायची, पण सुंदर म्हणून नव्हे. तिनं पुढे १९२४ साली आपलं आयुष्य लिहून काढलं, तेव्हा त्या पुस्तकाच्या नावातच स्वतःला 'कुरूप बदकपिल्लू' म्हटलं. लोकांनी म्हणायच्या आत आपणच म्हणून टाकायचं, ही तिची जुनी सवय.

चौदाव्या वर्षी तिनं घर सोडलं आणि गावोगाव फिरणाऱ्या एका नाटक कंपनीत दाखल झाली. वय विचारल्यावर अठरा सांगितलं. अंगानं मोठी असल्यामुळे ते खपूनही गेलं. मुलीनं नाटकात आपलं आडनाव लावू नये, असं वडिलांचं म्हणणं पडलं. मग तिनं एका नात्यातल्या बाईचं नाव उचललं आणि मेरी ड्रेस्लर झाली. आठवड्याला सहा ते आठ डॉलर पगार मिळायचा. त्यातले निम्मे ती आईला पाठवायची.

घरापासून दूर राहून निम्मी कमाई आईला पाठवणारी चौदा वर्षांची पोर. हे सांगताना तिच्या रूपाचा प्रश्न किती मागे पडतो बघा. पण नाटक कंपनीत तो मागे पडत नव्हता. तिथे गोऱ्या-नाजूक मुली नायिका व्हायच्या. मेरीच्या वाट्याला मोलकरणी, म्हाताऱ्या, राणीच्या मागे उभं राहणाऱ्या बायका यायच्या. त्याच कामांतून ती धंद्याचा एक एक धडा शिकली. गायला शिकली, नाचायला शिकली, पडायला शिकली. हो, पडायलाही शिकावं लागतं. अंग कुठे टेकवायचं, डोकं कसं वाचवायचं, लोकांना कळायच्या आधी पडायचं की त्यांना वाट बघायला लावून पडायचं, हे सगळं कसब आहे.

१८९२ साली ती न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे भागातल्या रंगमंचावर आली. ब्रॉडवे म्हणजे अमेरिकेतल्या नाटकधंद्याचं माहेरघर. चार वर्षांनी 'द लेडी स्लेव्ही' या संगीत नाटकात तिचं नाव झालं. आता लोक तिकीट काढून तिलाच बघायला येऊ लागले.

दगड, कुत्रा आणि चॅप्लिन

१९१० साली 'टिलीज नाइटमेअर' नावाचं तिचं नाटक फार चाललं. टिली ही खानावळीत राबराब राबणारी बाई. राबताना तिला मोठमोठी स्वप्नं पडतात, अशी त्याची कल्पना. या टिलीला लोकांनी इतकं उचलून धरलं, की मॅक सेनेट या सिनेमावाल्यानं टिलीवर एक सिनेमा काढला. गोष्ट मात्र नवी घेतली. १९१४ साली आलेल्या या सिनेमाचं नाव 'टिलीज पंक्चर्ड रोमान्स'. तोवर विनोदी सिनेमे दहा-वीस मिनिटांचेच असायचे. पूर्ण लांबीचा पहिला विनोदी सिनेमा म्हणून याचं नाव घेतात. आणखी एक गंमत म्हणजे चार्ली चॅप्लिन यात आहे, पण तो तेव्हा नवा होता. मोठं नाव मेरीचं होतं.

सिनेमा मुका आहे. त्यात टिली शेतावरची धिप्पाड मुलगी. कुत्र्याशी खेळताना ती वीट फेकते आणि ती वाटेनं येणाऱ्या एका उपऱ्या माणसाला लागते. हा माणूस म्हणजे चॅप्लिन. टिलीच्या बापाकडे पैसा आहे असं दिसताच त्याला एकाएकी तिच्याबद्दल प्रेम वाटू लागतं. तो तिला पळवून शहरात नेतो, पैसे काढून घेतो आणि आपल्या जुन्या मैत्रिणीबरोबर पसार होतो. ही मैत्रीण झाली आहे मेबल नॉर्मंड. पुढे टिलीला चुलत्याची इस्टेट मिळणार असं कळतं, तर हा गडी परत हजर! मग पाठलाग, मारामारी, पोलिसांची पळापळ, समुद्रात पडणं, सगळं होतं. शेवटी मात्र टिली आणि ती दुसरी मुलगी एकमेकींकडे बघतात. दोघींनाही एकाच माणसानं फसवलंय हे दोघींना कळतं. त्याला बाजूला सारून त्या एकमेकींना मिठी मारतात.

शंभर वर्षांपूर्वीचा धांगडधिंग्याचा सिनेमा, पण शेवटी दोन बाया एकमेकींशी न भांडता एकत्र येतात. हे आम्हाला फार आवडलं. हा सिनेमा मोबाईलवर यूट्यूबवर बघायला मिळतो. मध्ये मध्ये इंग्रजी पाट्या येतात, पण त्या वाचता आल्या नाहीत तरी काही अडत नाही.

कोरसच्या मुली

मेरीच्या आयुष्यातली आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट सिनेमातली नाही, संपातली आहे.

त्या काळी अमेरिकेतल्या संगीत नाटकांत मागे नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुलींचा ताफा असायचा. त्याला कोरस म्हणतात. प्रेक्षकांना झगमगाट दिसायचा, पण मुलींची दशा वेगळी होती. आठवडेच्या आठवडे तालमी चालत, त्यांचा एक पैसा मिळत नसे. बूट, पायमोजे मुलींनी आपल्या पैशानं आणायचे. नाटक दौऱ्यावर असताना बंद पडलं, तर मालक हात वर करायचा. परक्या गावात अडकलेल्या मुलीनं तिकिटाचे पैसे कुठून आणायचे, ते तिचं तिनं बघायचं.

नटनट्यांची 'अ‍ॅक्टर्स इक्विटी' ही संघटना १९१३ साली निघाली होती. ऑगस्ट १९१९मध्ये या संघटनेनं संप पुकारला. नाटकं बंद पडली. पण कोरसच्या मुलींचं काय? संप चालू असतानाच त्यांची वेगळी संघटना उभी राहिली, 'कोरस इक्विटी'. तिची पहिली अध्यक्ष झाली मेरी ड्रेस्लर.

मेरी तेव्हा पन्नाशीची होती. नाव होतं, पैसा होता. तिला कुणी बूट स्वतःच्या पैशानं आणायला सांगत नव्हतं. ती गप्प बसली असती तर मालकांची मर्जी राहिली असती. पण आठवड्याच्या सहा-आठ डॉलरवर आपण कसे दिवस काढले, हे ती विसरली नव्हती. संपकऱ्यांच्या मदतीसाठी जे खेळ झाले, त्यांत कोरसच्या मुलींना घेऊन ती रंगमंचावर उभी राहिली.

तीस दिवसांनी मालकांना तडजोड करावी लागली. फुकटच्या तालमींना मर्यादा आली. आठवड्याला आठ खेळ ठरले. कोरसच्या मुलींना कमीत कमी किती पगार द्यायचा ते ठरलं, आणि त्यांचे कपडे-बूट मालकानं पुरवायचे, हेही ठरलं.

गटात आपण नेहमी म्हणतो, की एकटीचा आवाज कुणी ऐकत नाही. ते खरंच आहे. पण मेरीच्या गोष्टीत त्याची दुसरी बाजू दिसते. जिचा आवाज ऐकला जातो, तिनं तो कुणासाठी वापरायचा? वर पोहोचलेल्या बाईनं मागे वळून बघितलं, तर खालच्या पायरीवरच्या कितीतरी जणींचं काम सोपं होतं.

काम नाही

संपानंतरची दहा वर्षं मेरीला वाईट गेली. एक तर काळ बदलला. कापलेले केस, आखूड झगा, काठीसारखं अंग, अशा मुलींची फॅशन आली. विनोदाची तऱ्हाही बदलली. मेरीची पन्नाशी उलटली होती. संपात पुढे झाली म्हणून मालकांनी तिच्यावर डूख धरला, असंही म्हणतात. कारण कुठलंही असो, बोलावणी थांबली. जिच्या नावावर थिएटर भरायचं, तिला काम मागायला जावं लागलं आणि रिकाम्या हातानं परत यावं लागलं.

वय झालेल्या बाईला काम नाकारताना तोंडावर कुणी 'तू म्हातारी झालीस' म्हणत नाही. 'बघू', 'कळवतो', 'सध्या जागा नाही' असंच म्हणतात. हे शब्द आपल्यालाही ओळखीचे आहेत. रोजगाराच्या कामावर, मुकादमाच्या दारात, पन्नाशीच्या बाईनं ते ऐकलेले असतात.

मैत्रिणीनं लिहिलेलं काम

या दिवसांत मेरीच्या मदतीला एक बाई धावून आली. तिचं नाव फ्रान्सिस मॅरियन. पुष्कळ वर्षांपूर्वी फ्रान्सिस नवखी वार्ताहर असताना मेरीची मुलाखत घ्यायला गेली होती, आणि मोठी नटी असूनही मेरीनं या अनोळखी पोरीला वेळ दिला होता. ती ओळख दोघींनी जपली. पुढे फ्रान्सिस सिनेमाच्या कथा-पटकथा लिहू लागली आणि हॉलिवूडमधल्या सगळ्यात नावाजलेल्या लेखकांत जाऊन बसली. पटकथेसाठी ऑस्कर मिळवणारी ती पहिली बाई.

मेरीची अडचण कानावर आली, तेव्हा फ्रान्सिसनं तिला नुसते पैसे पाठवले नाहीत. तिनं मेरीला शोभेल असं काम लिहिलं आणि एम.जी.एम. या मोठ्या सिनेकंपनीच्या कारभाऱ्यांच्या गळी उतरवलं. १९२७ साली आलेला तो सिनेमा म्हणजे 'द कॅलहन्स अँड द मर्फीज'. त्याचं नशीब मात्र खोटं निघालं. आपल्या समाजाची थट्टा केली म्हणून अमेरिकेतल्या आयरिश लोकांनी विरोध केला आणि कंपनीला तो परत घ्यावा लागला. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, आता पुरे. फ्रान्सिस लिहीतच राहिली.

तेवढ्यात सिनेमा बोलू लागला. मुक्या सिनेमातल्या कितीतरी देखण्या नटनट्यांची यात पंचाईत झाली, कारण त्यांना नीट बोलता येईना. मेरीचा आवाज मात्र चाळीस वर्षं नाटकात तापून निघाला होता. १९३०च्या 'अ‍ॅना क्रिस्टी'मध्ये नायिका होती ग्रेटा गार्बो. गार्बो पहिल्यांदा बोलणार म्हणून लोक आले, आणि तिच्यासमोर बसलेल्या, बंदरावरच्या दारुड्या म्हातारीला डोळ्यांत साठवून घरी गेले. ती म्हातारी झाली होती मेरी. याही सिनेमाची पटकथा फ्रान्सिसचीच.

त्याच वर्षी 'मिन अँड बिल' आला. ज्याच्यासाठी मेरीला ऑस्कर मिळाला, तो हा. यात मिन ही बंदरावर खानावळ चालवणारी बाई. बिल हा तिचा मित्र, वॉलेस बीरी यानं केलेला. तो चुकला की मिन त्याला असा चोपते, की तो दार लावून आत लपतो. मग ती कुऱ्हाड घेऊन दार फोडते. लोक हसून हसून बेजार. पण मिननं एक पोर सांभाळलेली असते, आईनं टाकून दिलेली. पोरीचं भलं व्हावं म्हणून मिन तिला शिकायला दूर पाठवते, वरवर कठोर होते. पोरीचं चांगल्या घरात लग्न ठरतं. तेव्हाच ती जन्मदाती आई पैशाच्या लोभानं परत उगवते. पोरीचा संसार वाचवायला मिन तिच्यावर गोळी झाडते. शेवटी पोलीस मिनला घेऊन जातात, आणि दूर बोटीवरून सासरी निघालेल्या पोरीकडे बघत मिन हसते. थोड्या वेळापूर्वी पोट धरून हसणारे लोक इथे डोळे पुसायचे.

हसू येतं कसं?

आता मेरी नेमकं करायची काय, ते जरा समजून घेऊ. जाड बाई पडली की लोक हसतात, त्यात कसलं कसब? कसब असं, की मेरी पडायची ती स्वतः ठरवून. कधी पडायचं, किती वेळ लोकांना ताटकळत ठेवायचं, पडल्यावर कुणाकडे कसं बघायचं, हे तिच्या हातात असायचं. हसू कुठे यायचं ते ती ठरवायची.

याचं उत्तम उदाहरण १९३३च्या 'डिनर अ‍ॅट एट' सिनेमाच्या शेवटी आहे. मेरी एक जुनी, थकलेली नाटकातली नटी झाली आहे. जेवायला आत जाताना जीन हार्लो तिच्या बाजूनं चालते आहे. हार्लो म्हणजे तरुण, झुळझुळीत कपड्यातली, नुसती नटवी बाई. ती सहज सांगते, की मी परवा एक पुस्तक वाचत होते. मेरी चालतेच आहे. एक पाऊल पुढे पडतं. मग ते शब्द डोक्यात शिरतात, आणि तिचं ते सगळं भलंमोठं अंग ठेच लागल्यासारखं जागच्या जागी थांबतं. तोंडातून अजून एक शब्द निघालेला नाही, आणि थिएटर हशानं भरून जातं.

यात मेरीचं शरीर थट्टेचा विषय नाही. मोठा ढोल जसा घुमतो, तसं ते तिचं वाद्य आहे. बारीक बाई थांबली असती तर एवढं कळलंही नसतं. हसू आलं ते दुसरीच्या अंगावर, आणि ते आणलं मेरीनं. 'लोक मला हसतात'पासून 'मी लोकांना हसवते'पर्यंतचा रस्ता तो हाच.

मात्र हा रस्ता फुकटचा नव्हता. स्वतःला कुरूप म्हणत म्हणत पुढे जायचं, याचा त्रास होत नसेल असं आम्हाला वाटत नाही. कुरूप पिल्लाची गोष्ट आपल्या पोरांना ठाऊक आहे. शेवटी ते राजहंस निघतं. मेरी काही राजहंस झाली नाही. ती जशी होती तशीच राहिली, आणि तशीच लोकांना आवडली.

लोकांना तीच का हवी होती?

१९२९च्या ऑक्टोबरात अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. १९३३पर्यंत काम करणाऱ्या दर चार माणसांतला एक बेकार झाला होता. शेतकऱ्यांच्या जमिनी कर्जापायी गेल्या. अशा वेळी लोक खिशातली नाणी मोजून सिनेमाला जायचे.

सिनेमाघरवाले दर वर्षी सांगायचे, की कुणाच्या नावावर सगळ्यात जास्त गल्ला जमतो. १९३२ आणि १९३३ या दोन्ही वर्षी पहिलं नाव आलं ते मेरी ड्रेस्लरचं. देखण्या नायक-नायिकांच्या वर. ऑगस्ट १९३३मध्ये 'टाइम' या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचं चित्र झळकलं.

का आवडली ती? तिच्या भूमिका बघितल्या की उत्तर मिळतं. १९३२च्या 'एमा'त ती एका घरात मोलकरीण असते, मालकाची मुलं पोटच्यासारखी वाढवते. म्हातारपणी मालक तिच्याशी लग्न करतो आणि मरताना पैसा तिच्या नावावर ठेवतो. मग तीच मुलं तिच्यावर खुनाचा आळ घेतात. शेवटी ती पैसा मुलांनाच देऊन टाकते आणि पुन्हा दुसऱ्या घरी कामाला लागते. १९३३च्या 'टगबोट अ‍ॅनी'त ती मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या छोट्या बोटीची कप्तान आहे. नवरा दारुडा, मुलगा शिकून मोठ्या जहाजाचा कप्तान झालेला. बोट बाईच हाकते आणि घरही तीच हाकते.

लोकांना पडद्यावर आपली आई दिसायची, मावशी दिसायची, शेजारीण दिसायची. घर बुडत असताना सगळ्यांना धरून ठेवणारी, ओरडणारी, मारणारी आणि मग कोपऱ्यात जाऊन डोळे पुसणारी. अशी बाई घरोघरी होती. पडद्यावर मात्र तिला आजवर कुणी मधोमध उभं केलं नव्हतं.

शेवटचे दिवस

या यशाच्या ऐन भरात मेरीला कॅन्सरनं गाठलं. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. सिनेकंपनीच्या मालकाला डॉक्टरांकडून आजार आधी कळला आणि तिला तो सांगू नये असं त्यानं डॉक्टरांना सुचवलं, असं तिच्याबद्दल सांगितलं जातं. हेतू मायेचा असेल किंवा धंद्याचा. पण आजार बाईच्या अंगात, आणि तिला सांगायचं की नाही ते दुसऱ्यानं ठरवायचं. हे आजही कितीतरी घरांत होतं. 'तिला कशाला सांगता, घाबरेल' असं म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवले जातात. एवढ्या मोठ्या नटीलाही ते चुकलं नाही. आपला रिपोर्ट आपण बघायचा, डॉक्टरांना आपण विचारायचं, एवढं तरी यातून घेऊ.

२८ जुलै १९३४ला कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरा इथे मेरी गेली. बहुतेक सगळी मालमत्ता तिनं बहिणीला ठेवली. पण मृत्युपत्रात आणखी एक नाव होतं, वीस वर्षं तिच्याकडे काम करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईचं. या बाईला तिनं पस्तीस हजार डॉलर आणि आपली मोटार दिली. तिच्या नवऱ्याला पंधरा हजार. त्या काळच्या अमेरिकेत काळ्या प्रवाशांना गोऱ्यांच्या हॉटेलांत जागा मिळत नसे. या पैशातून अशा प्रवाशांसाठी विसाव्याची जागा व्हावी, अशी मेरीची इच्छा होती. त्या दोघांनी १९३६मध्ये जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात करमणुकीची आणि उतरायची जागा खरंच उभी केली.

कोरसच्या मुलींच्या संपात उभी राहिलेली मेरी शेवटपर्यंत तीच राहिली, असं आम्हाला वाटतं.

आता आपल्या मेळाव्याकडे परत येऊ. पुढच्या वेळी नाटुकलं बसवताना नजरा वळवायच्या आधी जरा थांबू. त्या बाईला विचारू, की तुला हे काम हवंय का? हवं असेल तर त्यात तू काय करशील? कुठे हसवशील? तिला नुसतं पडायला सांगायचं, की तिच्या हाती नाटकाची दोरी द्यायची, हे आपल्यावर आहे. आणि तिला सरपंचाचं काम हवं असेल, तर तेही तिला मिळायला काय हरकत आहे?

गटात बोलण्यासाठी

१. आपल्या गटात किंवा घरात कुणाच्या अंगावरून, रंगावरून, वयावरून नेहमी थट्टा होते का? ती बाई हसते तेव्हा तिला खरंच हसू येत असतं का?

२. पन्नाशीनंतर काम मिळत नाही म्हणून घरी बसलेल्या बायका आपल्या गावात किती आहेत? फ्रान्सिसनं मेरीसाठी काम लिहिलं. आपण एखादीसाठी काय करू शकतो?

३. आपल्यातली कोण आज 'वर' पोहोचली आहे? तिच्या आवाजाचा उपयोग मागे राहिलेल्यांना कसा होईल?

बोलून बघा, आणि काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा. पुन्हा भेटू. नमस्कार.